लेकीसोबत मुंबईच्या त्या रस्त्यांवरून

लेकीला मुंबईत, फोर्ट भागातल्या एका ऑफिसात नोकरी लागली. आमच्या इंदूरच्या घरात पेढे वाटले गेले आणि त्याच संध्याकाळी सासूबाईंनी हळूच विचारलं, ‘‘हिचं ऑफिस त्या स्टेशनापासून किती लांब आहे गं?’’

कोणतं स्टेशन, हे सांगायची गरज नव्हती. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री टीव्हीवर जे पाहिलं, ते आमच्या पिढीला विसरता आलेलं नाही. लेक तेव्हा जेमतेम सहा वर्षांची होती. तिला भीती नव्हती आणि मला झोप नव्हती. शेवटी ठरवलं, तिला सोडायला जाऊ तेव्हा एक दिवस हातात ठेवायचा आणि ते रस्ते दोघींनी पायी पाहायचे.

कॉजवेवरची गर्दी

सुरुवात कुलाब्यापासून केली. कॉजवेवर कानातल्यांच्या, चपलांच्या, पितळी वस्तूंच्या स्टॉल्समधून वाट काढत आम्ही १८७१ पासून चालत आलेल्या लिओपोल्ड कॅफेत पोहोचलो. समुद्रमार्गे आलेल्या दहा दहशतवाद्यांपैकी दोघांनी इथे गोळीबार केला होता. भिंतीवर गोळ्यांच्या खुणा आजही जपून ठेवल्या आहेत. हल्ल्यानंतर काही दिवसांतच हा कॅफे पुन्हा सुरू झाला. आम्ही गेलो तेव्हा तिथे बसायला जागा नव्हती.

लेक म्हणाली, ‘‘आई, इथे बाहेर पडायचे रस्ते किती आहेत बघू या.’’ मी तिला काही शिकवायच्या आधीच तिने धडा सुरू केला होता.

स्टेशनातला आवाज

तिथून टॅक्सीने छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस गाठलं. २००४ पासून जागतिक वारसा यादीत असलेली ही इमारत बाहेरून डोळे भरून पाहावी आणि मग आत शिरावं. दगडातली नक्षी, रंगीत काचा आणि खाली धावणारी माणसं.

त्या रात्री इथे दोघा हल्लेखोरांनी ५० हून अधिक जीव घेतले. बाहेरगावच्या गाड्यांच्या बाजूला गोळीबार सुरू होता आणि लोकलमधून उतरणाऱ्यांना त्याचा पत्ता नव्हता. उद्घोषक विष्णू झेंडे आपल्या खोलीत माइकसमोर बसून राहिले. तिकडे येऊ नका, मागच्या बाजूने बाहेर पडा, असं ते पुन्हा पुन्हा सांगत राहिले. त्या सूचनांमुळे कितीतरी प्रवासी वाचले.

जखमींना हलवायला रुग्णवाहिकांची वाट पाहायला वेळ नव्हता. स्टेशनातली माणसं, अगदी चहावालेसुद्धा, मिळेल त्या साधनाने त्यांना शेजारच्या सेंट जॉर्ज रुग्णालयात नेत होती. रक्तस्राव होणाऱ्या माणसासाठी पहिला तास सर्वांत मोलाचा असतो आणि तो तास जवळच्यांच्याच हातात असतो.

कामा रुग्णालयाची गल्ली

स्टेशनासमोरचा रस्ता ओलांडून काही मिनिटं चाललं की १८८६ मध्ये सुरू झालेलं कामा रुग्णालय लागतं. हे बायका-मुलांचं रुग्णालय. आम्ही आत गेलो नाही. रुग्णालय ही पाहायला जायची जागा नव्हे. फाटकाबाहेर उभं राहून मी लेकीला परिचारिका अंजली कुलथे यांची गोष्ट सांगितली.

त्यांच्या वॉर्डात २० गरोदर स्त्रिया होत्या. गोळीबार सुरू होताच त्यांनी दारं लावली, दिवे मालवले आणि सगळ्यांना आतल्या पँट्रीत नेलं. त्यातच एकीला कळा सुरू झाल्या. भिंतीच्या आधाराने तिला प्रसूतिगृहापर्यंत त्याच घेऊन गेल्या. पुढे न्यायालयात त्यांनी कसाबला ओळखलं आणि डिसेंबर २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेसमोर आपला अनुभव मांडला.

याच परिसरातल्या रंगभवनच्या गल्लीत हेमंत करकरे, अशोक कामटे आणि विजय साळसकर हे अधिकारी शहीद झाले. तिथे आम्ही दोघी काही बोललो नाही.

चौपाटीवरची संध्याकाळ

दिवस मावळताना गिरगाव चौपाटीवर पोहोचलो. भेळेच्या गाड्या, वाळूत खेळणारी मुलं आणि रस्त्याच्या कडेला तुकाराम ओंबळे यांचं स्मारक. साताऱ्याच्या जावळी तालुक्यातल्या केडंबे गावचे हे सहायक पोलीस उपनिरीक्षक. त्यांच्या हातात फक्त लाठी होती. त्यांनी कसाबची रायफल धरून ठेवली, गोळ्या झेलल्या, पण हात सोडला नाही. म्हणूनच तो जिवंत सापडला. त्यांना मरणोत्तर अशोकचक्र देण्यात आलं.

राष्ट्रीय सुरक्षा रक्षक दलाचे कमांडो दिल्लीहून मुंबईत पोहोचेपर्यंत २७ तारखेची पहाट झाली होती. कारवाई २९ ला सकाळी संपली. एकूण १६६ जणांचा बळी गेला. पुढे मुंबईतच या दलाचं केंद्र आलं, राज्याचं ‘फोर्स वन’ पथक उभं राहिलं, रस्त्यांवर हजारो कॅमेरे लागले. हे सगळं हवंच. पण कितीही वेगाने आली, तरी मदत पोहोचेपर्यंतची पहिली काही मिनिटं तिथल्या माणसांचीच असतात.

भेळ खाताना लेकीने मोबाइलमध्ये लिहून घेतलं. तुमच्याही घरात एकदा वाचून दाखवा :

* नव्या जागी गेलात की बाहेर पडायचे दोन रस्ते पाहून ठेवा.
* गोळीबार किंवा हल्ला झाला तर आधी निघून जा, सामानाचा मोह नको. ते शक्य नसेल तर दार लावून, दिवे आणि मोबाइलचा आवाज बंद करून लपा. सुरक्षित झालात की ११२ वर फोन करा. महाराष्ट्रात रुग्णवाहिकेसाठी १०८ आहे.
* वाहत्या जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा. पुन्हा पुन्हा उचलून पाहू नका.
* कारवाईचं चित्रण करून पाठवू नका. त्या रात्री टीव्हीवरच्या थेट दृश्यांचा हल्लेखोरांच्या सूत्रधारांना उपयोग झाला. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ च्या निकालात त्याबद्दल कडक शब्दांत सुनावलं आहे.
* जखमींवर तातडीने उपचार करणं प्रत्येक डॉक्टरचं कर्तव्य आहे, असं याच न्यायालयाने १९८९ मध्ये सांगितलं आहे. पोलिसी कागदपत्रांसाठी उपचार थांबू शकत नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी एकटी इंदूरला परतले. आठवड्याने लेकीचा फोन आला. पहिल्या दिवसाचं काम, डबा, लोकलची गर्दी सगळं सांगून झाल्यावर म्हणाली, ‘‘आजीला सांग, आमच्या ऑफिसला मागून दुसरा जिना आहे. मी उतरून पाहिला.’’

सासूबाईंनी ते ऐकलं आणि विचारलं, ‘‘जेवते ना वेळेवर?’’ त्या रात्री मलाही झोप लागली.