न्हाणीघरांतील ओल

आमच्या मातोश्री बीडच्या घरांतील न्हाणीघरांत शहाबादी फरशीवर घसरून पडल्या. त्या इस्पितळांतून परतण्यापूर्वीं फरशीवर न घसरणारें व्हिनाइल चिकटवून टाकावें, अशी आम्हांस घाई झाली. गवंड्यानें मात्र आधीं हातभर प्लास्टिक पसरून त्याच्या चारी कडा चिकटपट्टीनें बंद केल्या. दुसऱ्या दिवशीं तें उचलून पाहतों, तों खालीं पाण्याचे थेंब! "सर, वल हाय तवर गोंद धरायचा नाही," तो म्हणाला.

फरशी उखडली, तेव्हां उतार मोरीकडे नसून भिंतीकडे आढळला. ज्या गांवाजवळच्या खजाना विहिरीचें पाणी केवळ ढाळाच्या बळावर शतकानुशतकें शेतांस पोंचलें, तेथें राहून आम्हांस पाण्याचा स्वभाव कळूं नये! ढाळ बदलून, जलरोधक थर देऊन नवा कोबा सुकूं देण्यांत महिना गेला. तोंवर मातोश्री आमच्या भगिनीकडे राहिल्या. पुन्हां तीच परीक्षा घेतली. प्लास्टिक कोरडें निघालें. मगच व्हिनाइल बसलें.

'कोपरा वाळत नाहीं', असें मातोश्री दोन वर्षें सांगत होत्या. आम्ही तें म्हातारपणाचें गाऱ्हाणें समजलों होतों. आतां त्या स्नानास जातांना भिंत धरीत नाहींत. आम्ही मात्र दाराशीं उभे असतों.