शीर एक नव्हे, दोन



आपण खेड्यात सगळ्यालाच ‘शीर’ म्हणतो. रक्त वाहते तीही शीर आणि ठणका लागतो तीही शीर. शब्दाच्या या घोळातून उपचाराचा घोळ होतो, म्हणून हे लिहितो.

गेल्या वर्षी माझी अँजिओग्राफी झाली. हृदयाच्या रक्तवाहिन्या तपासण्यासाठी बारीक नळी आत घालतात. हल्ली ती बहुधा मनगटातून घालतात. तिथून जमत नसेल तर जांघेतून. माझी जांघेतून घातली. हृदयाचे काम नीट पार पडले; पण दुसऱ्या दिवसापासून मांडीच्या पुढच्या भागाची आग सुरू झाली. लेंग्याचे कापड लागले तरी मिरची चोळल्यासारखे होई. बांधावरून उतरताना गुडघा एकाएकी मुडपे.

घरी सल्ल्यांची रीघ लागली. “शीर आखडली, तेल लावून रगडा.” “तापल्या विटेने शेका.” कोणी गुडघ्याला लेप सांगितला.

आता नीट ध्यानात घ्या. विहिरीकडे आपण पाइप आणि मोटारीची केबल एकाच चरातून नेतो. पाइपासाठी खणताना केबलला धक्का लागू शकतो. जांघेतही तसेच आहे. रक्ताची मोठी धमनी आणि तिच्या बाहेरच्या अंगाला मज्जातंतू, अशी जोडी शेजारी शेजारी असते. सुईचा धक्का लागला किंवा आत रक्त साकळून गाठ झाली, की मज्जातंतू दबतो. हे क्वचितच होते. दुखापत जांघेत असली तरी दुखणे मांडीत, गुडघ्यात, नडगीच्या आतल्या बाजूला जाणवते. मग गुडघ्याला लेप लावून काय उपयोग?

रगडल्याने साकळलेल्या जागी पुन्हा रक्तस्राव होऊ शकतो. बधिर कातडीला चटका कळत नाही. शेकताना भाजते आणि मधुमेह असेल तर जखम चिघळते. काळेनिळे दिसले म्हणून रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या मनाने बंद करू नका. स्टेंट बसवला असेल तर ते जिवावर बेतते.

जांघेतली सूज वाढू लागली, रक्त येऊ लागले, पाय गार किंवा पांढरा पडला, पायातली ताकद गेली, ताप आला, किंवा कंबर-पोटात कळ येऊन घेरी आली, तर सकाळची वाट पाहू नका. रक्त येत असेल तर जागा घट्ट दाबून धरा, आडवे निजवा आणि तसेच दवाखान्यात न्या.

या दुखण्यावर साध्या वेदनाशामक गोळ्या फारशा चालत नाहीत. डॉक्टर गॅबापेंटिन किंवा प्रीगॅबालिनसारखी औषधे देतात. त्यांनी गुंगी येते. ती घेऊन ट्रॅक्टर चालवू नये, कडबा कुट्टीवर बसू नये. बरे वाटले म्हणून एकदम सोडूही नयेत.

आणि धीर धरा. नुसता दबलेला मज्जातंतू काही आठवड्यांत सावरतो. तुटलेला धागा पुन्हा वाढतो तो दिवसाला सुमारे 1 मिलिमीटर, म्हणजे महिन्याला जेमतेम इंचभर. माझी आग तीन महिन्यांत शमली. तळहाताएवढी जागा अजून बधिर आहे.

तेव्हा दवाखान्यात ‘शीर दुखते’ एवढेच सांगून थांबू नका. आग होते, मुंग्या येतात, बधिर वाटते की गुडघा मुडपतो, हे वेगवेगळे सांगा. आणि नळी कुठून घातली होती, तेही सांगा.