फुलोऱ्यातली फवारणी

फेब्रुवारी लागला की जालना-बुलढाण्याकडच्या बीजोत्पादनाच्या शिवारात कांद्याचे डोंगळे पांढरे होऊ लागतात आणि आम्हा मधपाळांचे फोन खणखणतात. पेट्या हव्या असतात. भाड्याचं मी नंतर बोलतो. आधी विचारतो, शेवटची फवारणी कधी झाली, कशाची झाली, आणि बांधापलीकडे कुणाचं कोणतं पीक आहे? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं मिळतात, तिसऱ्याला बरेच जण अडखळतात. मला काळजी असते ती त्या तिसऱ्याचीच, कारण आमच्या पेट्यांतली मेलिफेरा जातीची माशी चाऱ्यासाठी दोन-तीन किलोमीटर सहज जाते. तिला सातबारा माहीत नाही.

कांद्याला माशी का लागते, हे गोंडा हातात धरून पाहावं. त्यात शेकडो फुलं, आणि ती टप्प्याटप्प्याने उमलणारी. फूल उघडलं की सहा पुंकेसर आधी पराग सोडून मोकळे होतात. मधली स्त्रीकेसराची काडी तेव्हा जेमतेम मिलिमीटरभर असते. ती वाढून पराग घ्यायला तयार होईपर्यंत त्या फुलातला पराग संपलेला असतो. दुसऱ्या फुलाचा पराग कुणीतरी आणून द्यावाच लागतो, आणि तो चिकट असल्याने वाऱ्याच्या भरवशावर राहता येत नाही. नेमके याच दिवसांत फुलकिडे दिसतात, शेतकरी धास्तावतो आणि भर सकाळी पंप भरतो. फुलकिड्यांबरोबर माश्याही जातात आणि गोंडे बी न भरताच वाळतात.

विषबाधा पेटीच्या दारातच ओळखू येते. माश्या सोंड बाहेर काढून, पंख पसरून पडलेल्या असतात. काही भोवऱ्यासारख्या गरगर फिरत असतात. पण मला त्याहून भीती वाटते ती स्वच्छ दाराची. थोडंसंच विष पोटात गेलेली माशी वाट चुकते, घरी पोचतच नाही. दारात एकही मेलेली माशी नाही, पण पेटी उचलावी तर हलकी लागते. आत राणी असते, कोवळ्या माश्या असतात, आणि ऊब द्यायला कुणी उरलं नाही म्हणून गारठलेल्या अळ्या असतात.

अशा वेळी शेतकरी हमखास सांगतो, "भाऊ, निळ्या त्रिकोणाचं औषध होतं, जहाल नव्हतं." त्याचं खोटं नसतं. पण डब्यावरचा लाल, पिवळा, निळा, हिरवा त्रिकोण ठरतो तो सस्तन प्राण्याला किती मात्रा मारते यावरून. माशीचा त्यात हिशेबच नाही. थायामेथोक्झामवर निळा त्रिकोण असतो आणि माशीला त्याचे काही नॅनोग्रॅम पुरे होतात. इमिडाक्लोप्रिड आणि क्लोथियानिडिन त्याच कुळातली. युरोपीय संघाने या तिन्हींचा उघड्या शेतातला वापर २०१८ मध्ये बंद केला. ही औषधं आंतरप्रवाही आहेत, झाडाच्या रसातून मकरंदात आणि परागात उतरतात. त्यामुळे ती संध्याकाळी मारली तरी दुसऱ्या सकाळी फुलात असतातच.

फवारणीच्या दिवशी पेट्या बंद ठेवा, असं आम्हाला सांगितलं जातं. ठेवतो. रात्री माश्या आत आल्या की दाराला जाळी, हवेसाठी वर रिकामा मजला आणि त्यावर ओलं पोतं. मार्चच्या उन्हात हे दिवसभराच्या पुढे चालत नाही. मेण मऊ पडतं, माश्या गुदमरतात. आणि माझ्या पेट्यांची दारं मी लावीन, बाभळीवरच्या फुलोरी माशीचं आणि वडावरच्या आग्या माशीचं दार कोण लावणार? आग्या तर चांदण्या रात्रीही चाऱ्याला बाहेर पडते. कांद्याच्या गोंड्यावर माझ्या माश्यांइतकाच त्यांचाही राबता असतो. म्हणून पेट्या झाकण्यापेक्षा फवारणी बदलणं मला महत्त्वाचं वाटतं.

बीजोत्पादकांना माझी विनंती आहे. फुलकिड्यांचा बंदोबस्त गोंडा उमलायच्या आधी करा. उमलल्यावर फवारावंच लागलं तर कृषी विज्ञान केंद्रात विचारून औषध निवडा, आंतरप्रवाही औषध आणि भुकटी टाळा. स्पिनोसॅडसारखं औषध ओलं असेपर्यंत माशीला घातक असतं, वाळल्यावर धोका बराच कमी होतो. तेव्हा सूर्य मावळल्यावर, वारा पडल्यावरच पंप पाठीवर घ्या. आणि आदल्या दिवशी शेजारच्या शेतकऱ्याला आणि मधपाळाला फोन करा.