गाडीची बाराखडी

नवी गाडी घेतली की नागपुरात प्रश्न ठरलेले असतात. 'कितीची पडली?' 'ॲव्हरेज काय देऊन राहिली?' 'हप्ता किती बसला?' चौथा प्रश्न क्वचित कुणी विचारतो, तो म्हणजे, 'चालवता येते का?' आधीची गाडी चालवता येत होती, म्हणजे हीही येणारच, असं आपण धरून चालतो. आताच्या गाड्यांच्या बाबतीत हे धरून चालण्यासारखं राहिलेलं नाही.

शोरूममध्ये गाडी ताब्यात घेताना हार घालतात, पेढे देतात, भल्यामोठ्या पुठ्ठ्याच्या किल्लीसोबत फोटो काढतात. मग एक तरुण मुलगा आपल्याला गाडीत बसवतो आणि पंधरा मिनिटांत सगळं सांगून मोकळा होतो. त्यातली दहा मिनिटं मोबाइल जोडण्यात आणि गाणी लावण्यात जातात. ब्रेक कसा लागतो, कोणता दिवा लागल्यावर गाडी थांबवायची, पट्टा कुठून कुठे जायला हवा, याला उरलेल्या पाचात जागा नसते. ते चारशे पानांच्या इंग्रजी पुस्तकात असतं. ते पुस्तक प्लास्टिकच्या पिशवीतून डॅशबोर्डच्या खणात जातं आणि गाडी विकेपर्यंत तिथेच राहतं.

मी ते पुस्तक बाहेर काढलं, कारण गाडी खरं तर माझ्यासाठी नव्हतीच. मी सोमवार ते शुक्रवार नोकरीसाठी चंद्रपूरला असतो. जाफरनगरच्या घरी अब्बा आणि अम्मी दोघंच. अम्मीला हृदयाचा त्रास, डॉक्टर धंतोलीत. रात्री-अपरात्री दम लागला तर गाडी काढणार अब्बाच. तेव्हा माझ्यापेक्षा त्यांना ती कळणं गरजेचं होतं.

आता, अब्बांना गाडी शिकवायची हे वाक्य आमच्या घरात कुणी मोठ्याने उच्चारलं नसतं. अब्बा एका सरकारी खात्यात चौतीस वर्षं ड्रायव्हर होते. त्यांची उमर ॲम्बेसिडरवर गेली. सकाळी चोक ओढायचा, स्टार्टर ओढायचा, इंजिन तापलं की चोक हळूहळू आत सारायचा. गिअर स्टीअरिंगच्या दांड्याला. समोरून गाडी आली की दिवा खाली करायला डाव्या पायाजवळच्या बटणावर पाय मारायचा. बॅटरी बसली तर पुढून हँडल घालून इंजिन फिरवायचं, आणि तेही अंगठा बाहेर ठेवून, नाहीतर उलट झटक्याने मनगट जायचं. ती गाडी काय म्हणते ते कानाला कळायचं. फॅन बेल्ट सैल झाला, ब्रेकला हवा धरली, रेडिएटरचं पाणी उतरलं, हे अब्बा आवाजावरून, वासावरून, पायाखालच्या थरथरीवरून सांगायचे. ॲम्बेसिडर 2014 मध्ये बनायची बंद झाली. ते ज्ञान मात्र अब्बांच्या हातापायांत तसंच शिल्लक आहे.

नवी गाडी ऑटोमॅटिक घेतली, अब्बांचा डावा गुडघा दुखतो म्हणून. पहिल्या रविवारी ते बसले, सीट पुढेमागे केली, आरसा बघितला आणि शांतपणे म्हणाले, "चाबी कुठे लावू?" किल्ली खिशातच ठेवायची, ब्रेक दाबून धरायचा आणि बटण दाबायचं, असं मी सांगितलं. त्यांनी तसं केलं. इंजिन इतकं गुपचूप सुरू झालं की ते पुन्हा बटण दाबायला निघाले. मी काट्याकडे बोट दाखवलं. ते हसले, पण त्या हसण्यात मला थोडं वाईट वाटल्यासारखं दिसलं. चौतीस वर्षं ज्याने कानाने गाडी ओळखली, त्याला गाडी सुरू आहे की बंद हे डोळ्याने बघावं लागत होतं.

म्हणून मी ठरवलं की आपण एक दिवस एक अक्षर शिकायचं, आणि दोघांनी मिळून शिकायचं. मी पुस्तकात वाचायचं, अब्बांनी गाडीत करून बघायचं, न पटलं तर वाद घालायचा.

सुरुवात दिव्यांपासून केली. बटण दाबताच काट्यांच्या पट्टीवर दहा-बारा दिवे एकदम लागतात आणि बहुतेक विझतात. अब्बांना वाटलं काहीतरी बिघडलं. ती गाडीने घेतलेली हजेरी असते. त्या क्षणी जो दिवा लागतच नाही, त्याचीच चौकशी करायची, कारण उद्या गरज पडली तर तो बोलणार नाही. मग रंग. लाल म्हणजे थांबा: तेलाची झारी, थर्मामीटर, बॅटरी, ब्रेक. तेलाच्या झारीचा लाल दिवा चालत्या गाडीत लागला तर घर जवळ आहे म्हणून पुढे जायचं नाही, तिथेच इंजिन बंद करायचं. पिवळा म्हणजे चालू शकता, पण लवकर दाखवून घ्या. हिरवा-निळा म्हणजे नुसती माहिती. घोड्याच्या नालेसारख्या आकारात उद्गारचिन्ह दिसलं तर टायरमध्ये हवा कमी. आणि पेट्रोल पंपाच्या चित्राशेजारचा छोटा बाण टाकीचं झाकण कोणत्या बाजूला ते सांगतो. हा बाण अब्बांना इतका आवडला की त्यांनी मोहल्ल्यात चार जणांच्या गाड्यांमध्ये डोकावून तो दाखवला. चौघांनाही तो माहीत नव्हता.

डाव्या पायाचं प्रकरण अवघड गेलं. क्लच नसला तरी पाय क्लच शोधतोच. सिग्नलला थांबताना अब्बांचा डावा पाय सवयीने जोरात खाली गेला आणि पडला तो ब्रेकच्या रुंद पॅडलवर. गाडी जागच्या जागी थबकली, मागचा स्कूटरवाला काहीबाही बोलून गेला. उपाय साधा होता. डावीकडे पाय टेकवायला जागा असते, तिथे पाय ठेवायचा आणि तो तिथून हलवायचा नाही. अब्बांनी पंधरा दिवस बसल्याबसल्या पाय तिथे दाबून धरला, नमाजेच्या सफेत पाय जागेवर ठेवतात तसा.

पण खरा वाद ब्रेकवर झाला. जुन्या गाडीत ओल्या रस्त्यावर ब्रेक एकदम दाबला तर चाकं जखडतात आणि गाडी घसरते. म्हणून जुने ड्रायव्हर ब्रेक तोडून तोडून मारतात. अब्बांनी आम्हा भावंडांना हेच शिकवलं होतं. नव्या गाडीत एबीएस आहे. चाक जखडू लागलं की ही यंत्रणा दाब स्वतःच कमी-जास्त करते, सेकंदाला कितीतरी वेळा, म्हणजे कुणाच्याही पायाला जमणार नाही इतक्या वेगाने. तिथे आपण पाय उचलला की थांबायचं अंतर उलट वाढतं. संकटात ब्रेक पूर्ण दाबायचा, दाबून ठेवायचा आणि स्टीअरिंग वळवून अडथळा चुकवायचा. चाकं जखडलेली नसल्यामुळे गाडी वळते.

हे अब्बांना सांगून पटणारं नव्हतं. एका रविवारी फजरनंतर आम्ही मिहानकडे गेलो. तिथले रुंद रस्ते त्या वेळी मोकळे असतात. रात्री शिंतोडे पडून रस्ता ओला होता. मागेपुढे कुणी नाही हे बघून चाळीसच्या वेगाला मी म्हणालो, "अब्बा, आता पूर्ण दाबा." त्यांनी अर्धाच दाबला. दुसऱ्यांदाही अर्धाच. तिसऱ्यांदा दाबला आणि पायाखाली पॅडल खडखडलं. त्यांनी दचकून पाय काढला. ती खडखड म्हणजेच एबीएसचं काम, असं मी सांगितलं. चौथ्यांदा त्यांनी पाय काढला नाही. गाडी सरळ रेषेत थांबली. ते काही वेळ स्टीअरिंगवर हात ठेवून बसले आणि म्हणाले, "म्हणजे ही पण बोलते. फक्त पायाशी बोलते." त्यानंतर शिकणं सोपं झालं.

अम्मीचा धडा वेगळा होता. ती मागे बसते आणि पट्टा लावत नाही. कारण विचारलं तर म्हणते, बांधून घेतलं आणि काही झालं तर सुटायचं कसं? ही भीती पोकळ नाही. नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी बस 1 जुलै 2023 ला मध्यरात्रीनंतर समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ उलटून पेटली आणि 25 माणसं गेली. बस दाराच्या बाजूवर पडल्यामुळे बाहेर पडायची वाटच बंद झाली होती. आमच्या शहराने ती बातमी अजून विसरलेली नाही. पण दुसरी बातमीही तितकीच खरी आहे. 4 सप्टेंबर 2022 ला पालघरजवळ उद्योगपती सायरस मिस्त्री गेले, ते महागड्या, मजबूत गाडीत मागच्या सीटवर होते आणि पट्टा लावलेला नव्हता. मागे बसलेला माणूस सुरक्षित असतो, ही आपली समजूत आहे. गाडी थांबते, शरीर थांबत नाही.

म्हणून अम्मीला आधी सुटायला शिकवलं. लाल बटण कुठे आहे ते डोळे मिटून दहा वेळा दाबायला लावलं. मागच्या दाराचं चाइल्ड लॉक काढून टाकलं, कारण ते लागलेलं असलं तर दार आतून उघडतच नाही. 1 जुलै 2019 नंतर बनलेल्या गाड्यांमध्ये सेंट्रल लॉकिंगची वीज गेली तरी दार हाताने उघडता येण्याची सोय असणं बंधनकारक आहे. ते कसं उघडतं ते तिने स्वतः करून बघितलं. मग ती पट्टा लावायला तयार झाली. खालचा पट्टा पोटावर घ्यायचा नाही, कमरेच्या हाडावर घ्यायचा. वरचा खांद्याच्या मधोमध, मानेला घासायला नको. बुरख्याचा घोळ आधी सारखा करायचा, म्हणजे पट्टा कापडाच्या गठ्ठ्यावर सैल पडत नाही. तीन टोकांचा हा पट्टा व्होल्वो कंपनीच्या निल्स बोलिन यांनी 1959 मध्ये आणला आणि कंपनीने तो इतर सगळ्यांना वापरू दिला. अम्मी म्हणाली, सवाबचं काम केलं त्या माणसाने.

नातीला मांडीवर घेऊन पुढे बसायची आमच्याकडची जुनी हौस मात्र बंद केली. एअरबॅग डोळ्याची पापणी लवायच्या आत फुगते. ती पट्टा लावलेल्या मोठ्या माणसाचा विचार करून बनवलेली असते. मांडीवरच्या मुलाला तीच इजा करते.

नागपूरच्या हवेने दोन धडे आणखी दिले. उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसला गेला की उभ्या गाडीत पट्ट्याची लोखंडी जीभ चटका देते. अशा वेळी आधी काचा उघडून कोंडलेली गरम हवा जाऊ द्यायची, मग एसी, आणि गारवा आल्यावर आतलीच हवा फिरवायचं बटण. पावसाळ्यात काच आतून धुरकट झाली की हेच बटण बंद करायचं, बाहेरची हवा घ्यायची आणि एसी चालू ठेवून झोत काचेवर सोडायचा. अब्बांचा हात मात्र फडक्याकडे जायचा.

दुसरा धडा पुराचा. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी वस्त्यांत शिरली आणि उभ्या गाड्या पाण्यात बुडाल्या. पाण्यात बुडालेली गाडी सुरू होते का ते बटण दाबून बघायचा मोह होतो, आणि तोच टाळायचा असतो. इंजिनमध्ये हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. आत पाणी असताना इंजिन फिरलं तर लोखंडी दांडे वाकतात. अशी गाडी उचलूनच न्यायची.

समृद्धीवर जायच्या आधी टायर बघायचे, गाडी थंड असताना. शिवमडक्यापासून मुंबईच्या दिशेने 701 किलोमीटरचा रस्ता, कारला 120 ची मर्यादा. गाडी 80 च्या पुढे थांबून थांबून वाजते आणि 120 च्या पुढे सतत. अब्बांना ती टिकटिक आवडते. म्हणतात, साहेब मागे बसून 'हळू चालव' म्हणायचे तसंच आहे हे.

हे सगळं शिकताना अब्बांनी एक वही केली. उर्दूत. कारण कंपनीचं पुस्तक अम्मीला वाचता येत नाही आणि रात्री चष्म्याशिवाय अब्बांनाही बारीक अक्षर दिसत नाही. मोठ्या अक्षरात, एका पानावर एक गोष्ट, वर दिव्याचं हाताने काढलेलं चित्र.

जानेवारीत एका रात्री अम्मीला दम लागला. मी चंद्रपूरला. अब्बांनी तिला मागे बसवलं, पट्टा लावला आणि गाडी काढली. सदर ओलांडलं तेव्हा काट्यांवर पिवळा दिवा लागला, तो नालेचा. थंडीत टायरमधली हवा आकसते, दाब उतरतो आणि हा दिवा लागू शकतो. अब्बांनी न थांबता अम्मीला वही दिली. तिने दिवा बघून पान काढलं आणि धापा टाकत वाचलं, "पिवळा. चालू शकता. वेग कमी, सकाळी हवा भरा." गाडीचा तोल ठीक वाटत होता, स्टीअरिंग कुठे ओढत नव्हतं. अब्बा हळू चालवत धंतोलीला पोचले.

अम्मी आता बरी आहे. सकाळी हवा भरून झाल्यावर अब्बांनी त्या पानाखाली चारही टायरचे आकडे लिहून ठेवले. वही कंपनीच्या पुस्तकाशेजारीच असते, खणात वरच, चटकन हाताला येईल अशी.