गाळे दोन, धनी एक

पलूस,
रविवार

चि. बाळ यास,


गाळ्यावर तुला सगळे शेठ म्हणतात, मी बाळच म्हणणार. त्याला इलाज नाही. तुझा मेसेज मिळाला. वसई पूर्वेला वालीवच्या बाजूचा एक गाळा बघून आलास, कर्ज काढायचंय, राहतं घर तारण ठेवायची तयारी आहे आणि त्याआधी काशीमिऱ्याच्या कुठल्याशा हॉटेलात तीन दिवसांचं लीडरशिप शिबिर करायचंय, एवढं सगळं तू चार ओळींत बसवलंस आणि खाली लिहिलंस, ‘आत्या, काय वाटतं?’ मी जन्मभर बँकेत कर्जखात्यात बसले. मला काय वाटतं ते चार ओळींत मावत नाही, म्हणून हे पत्र. सूनबाईलाही वाचायला दे. तिच्याबद्दलही लिहिलंय.

शिबिराचं आधी उरकते. फी भरली नसशील तर भरू नकोस. मोठी स्वप्नं बघा म्हणून सांगतील, टाळ्या वाजवायला लावतील, शेजारच्याला मिठी मारायला सांगतील. स्वप्न बघायला तुला शिकवावं लागत नाही, वालीवला जाऊन आलासच की. त्या पैशांत प्रेसवरच्या पोरांसाठी चांगले हातमोजे आणि पॉलिशवाल्यांसाठी धूळ ओढणारा पंखा येईल.

आता खरं बोलते. मागच्या खेपेला भाईंदरला आले होते तेव्हा तुझ्या केबिनमध्ये दुपारपर्यंत बसले होते. प्रेसवर डबे ओढायचं काम चालू होतं. डाय बदलायची वेळ आली तेव्हा मशीन बंद करून पोरगा तुझ्याकडे आला, कपाटाची चावी मागायला. तू तांबाकाट्यावरच्या कुणा व्यापाऱ्याशी फोनवर दरावरून हुज्जत घालत होतास. पोरगा दारात उभा. फोन संपल्यावर तू खिशातून जुडगा काढलास, स्वतः उठून गेलास, कपाट उघडून डाय दिलीस, कपाटाला कुलूप घातलंस आणि चावी परत खिशात टाकलीस. तेवढ्या वेळात पॉलिशवाला मिस्त्री उचल मागायला येऊन रिकाम्या हाताने परत गेला, टेम्पोवाला चलनावर सही हवी म्हणून ताटकळला आणि पाण्याची मोटर लावू का, हेसुद्धा एकाने तुलाच विचारलं. प्रेस बंदच होती. तिच्यावरचे दोघे तंबाखू मळत बसले होते. आणि तू मला कौतुकाने सांगितलंस, ‘बघ आत्या, माझ्याशिवाय इथे पान हलत नाही.’

बाळ, असं वाक्य ऐकलं की मी कर्जाच्या अर्जावर पेन्सिलने एक बारीक फुली मारायचे.

भाईंदर शाखेत होते तेव्हा नगरपरिषदेचा कारभार होता. ती 1985 मध्ये झाली आणि महानगरपालिका 2002 मध्ये, माझी बदली होऊन गेल्यावर. गाडीतून मिठागरं दिसायची आणि पूर्वेला एकेक इंडस्ट्रियल इस्टेट स्टीलच्या भांड्यांच्या गाळ्यांनी भरत चालली होती. आमच्या कॅश काउंटरवर बफिंगच्या धुळीने काळवंडलेल्या नोटा यायच्या. कॅशियर नाक मुरडायचा, मला मात्र त्या नोटा बघून बरं वाटायचं, कारण त्या घामाच्या होत्या. कर्ज मागायला आलेल्या प्रत्येकाला मी एक प्रश्न हमखास विचारायचे: तुम्ही पंधरा दिवस अंथरुणाला खिळलात तर गाळा कोण चालवील? बहुतेक जण हसून म्हणायचे, ‘मॅडम, आजारी पडायला वेळ कुठाय?’ क्वचित कुणी भावाचं किंवा मिस्त्रीचं नाव घ्यायचा, आणि पुढच्या वेळी त्या माणसाला सोबत घेऊन यायचा. त्याचा अर्ज मी वर ठेवायचे.

त्या वेळचे कितीतरी गाळे आजही तेवढेच आहेत. मालक कच्चे नव्हते, उलट एकेक जण अस्सल कारीगर होता. पत्रा हातात घेऊन जाडी सांगणारे, प्रेसच्या आवाजावरून डाय झिजलीय हे ओळखणारे. पण ते ज्ञान त्यांच्या बोटांत राहिलं, दुसऱ्याच्या बोटांत उतरलं नाही. शिवाय हजेरीपटावर एकोणीस माणसं. विसावा माणूस आला की प्रॉव्हिडंट फंड लागू होतो, म्हणून एकोणीसवर थांबायचं आणि उरलेलं काम ठेक्यावर द्यायचं. हा हिशेब मला कधी पटला नाही. फंडाचे पैसे वाचतात, पण होळीला आणि छठपूजेला गावी गेलेला चांगला पॉलिशवाला परत येईल की नाही, याची धाकधूक दरवर्षी उरते. किलोमागे थोडे जास्त मिळाले की तो खाडीपलीकडे जातो. का नाही जाणार? तुझ्याकडे थांबण्यासारखं त्याला तू काय दिलंयस?

इथून किर्लोस्करवाडी जवळ आहे, हे तुला ठाऊक आहे. लहानपणी सुट्टीत आलास की त्या स्टेशनावर उतरायचास. बेळगावातली जागा सोडावी लागली तेव्हा औंधच्या राजांनी लक्ष्मणराव किर्लोस्करांना कुंडल रोड स्टेशनजवळ 32 एकर माळ आणि दहा हजार रुपये कर्जाऊ दिले, आणि 1910 मध्ये त्यांनी तिथे कारखाना थाटला. लोखंडी नांगराने जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत होती, पहिला नांगर खपवायला दोन वर्षं गेली, ही गोष्ट सगळे भाषणवाले सांगतात. त्या शिबिरातही सांगतील. मला त्यापेक्षा त्यांनी गोळा केलेली माणसं जास्त आवडतात. शाळा अर्धवट सोडलेले अनंतराव फळणीकर तिथे कल्पक यंत्रकार झाले. परीक्षेत नापास झालेले के. के. कुलकर्णी व्यवस्थापक झाले आणि अडलेलं काम निस्तरायला त्यांनाच पाठवायचे. मंगेशराव रेगे कारकून, त्यांनी हिशेब आणि देखरेख अंगावर घेतली. शंभोराव जांभेकर इंजिनिअरिंग शिकलेले नव्हते, तरी इंजिनिअरचं काम करत होते. आणि वसाहतीच्या राखणीला लक्ष्मणरावांनी दरोड्याची शिक्षा झालेली माणसं ठेवली.

दरोडेखोरांवर राखण सोपवली त्या माणसाने! आणि तुझ्याकडे दादाच्या वेळेपासून टिकलेला मिस्त्री आहे, त्याच्या हाती डायच्या कपाटाची चावी जात नाही.

ती चावी त्याला उद्याच दे. सोबत एक वही दे, कुठली डाय कधी काढली, कधी ठेवली, धार लावायला कधी गेली, ते तो लिहील. चुकेल, एखादी डाय दोन दिवस सापडणार नाही, तू चिडशील. चीड, पण चावी परत घेऊ नकोस. उचलीचंही ठरवून टाक: अमुक रकमेपर्यंत मिस्त्रीने द्यायची, त्यावर गेलं तर तुझ्याकडे यायचं. तुला विचारायला रोज येणाऱ्या प्रश्नांपैकी निम्मे असेच आकडा ठरवून दिला की मिटणारे आहेत.

भंगाराचं बघ. चौकोनी तुकड्यातून गोल सर्कल कापलं की शंभर किलोतले साडेएकवीस किलो कोपऱ्यांत जातात, हे भूमितीचं गणित आहे, त्याला कुणी काही करू शकत नाही. पट्टीवर सर्कल एकमेकांच्या खाचेत बसवून मारली तर त्यातलं थोडं वाचतं. तुझ्याकडे किती वाचतं? तू म्हणशील, अंदाज आहे. अंदाज तुला आहे, मशीन चालवतो तो दुसराच. रोज संध्याकाळी पत्रा किती घेतला, सर्कल किती निघाली, भंगार किती, हे प्रेसवाल्याने स्वतः काट्यावर घालून लिहू दे. महिनाअखेरीला भंगार कमी झालं तर वाचलेल्या पैशांतला वाटा त्याला दे. नुसतं ‘शाबास’ म्हणून भागवू नकोस.

2024 मध्ये केंद्र सरकारने स्टेनलेसच्या भांड्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं करणारा आदेश काढला तेव्हा तू फोनवर तासभर करवादत होतास. लहान कारखान्यांना मुदत जास्त दिली होती, तरी करवादलासच. खर्च आहे, कटकट आहे, सगळं कबूल. पण डागांची चाचणी, आपटण्याची चाचणी, उष्णतेची चाचणी यांच्या नोंदी ठेवायच्या म्हणजे चांगलं भांडं कशाला म्हणायचं हे एकदाचं कागदावर येणार. आजवर ते तुझ्या डोळ्यांत होतं. कागदावर आलं की मिस्त्रीही ‘नापास’ म्हणू शकेल, तुला हाक न मारता.

आता पैशाकडे वळते, कारण तू तिथे गफलत करतोयस. दुसरा गाळा म्हणजे विक्री वाढणार आणि विक्री वाढली की पैसा येणार, असं तुझं चाललंय. समज, महिन्याला वीस लाखांचा माल जातो आणि पैसे साठ दिवसांनी येतात. म्हणजे बघशील तेव्हा तुझे चाळीस लाख बाजारात पडलेले. विक्री तीस लाखांवर नेलीस की साठ लाख बाजारात. वरच्या वीस लाखांपैकी नफा तेवढा सोड, बाकीचा पैसा खिशातून घालावा लागतो. गुलालवाडीचा पत्रेवाला तुझ्यासाठी साठ दिवस थांबत नाही आणि कारीगराच्या घरी किराणा उधारीवर किती दिवस येणार? भरपूर ऑर्डरी हातात असलेले, कागदावर नफ्यात असलेले धंदे मी याच ठिकाणी बसताना पाहिलेत.

आणि उधारी वसूल करायला तू जात नाहीस, कारण व्यापारी नाराज होईल. अरे, 2006 च्या एमएसएमई कायद्यात स्वच्छ लिहिलंय: करार लेखी असला तरी जास्तीत जास्त 45 दिवस, लेखी नसला तर 15. त्यावर उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, महिन्याच्या चक्रवाढीने व्याज. 1 एप्रिल 2024 पासून आयकरातही तसं आलंय, सूक्ष्म आणि लघु कारखान्याचे पैसे मुदतीत चुकवले नाहीत तर प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत व्यापाऱ्याला त्या खरेदीची वजावट मिळत नाही. म्हणजे त्याचा सीएच त्याला तुझे पैसे दे म्हणून सांगतो. पण तू सूक्ष्म उद्योग आहेस हे त्याला कळणार कसं? तुझ्या बिलावर उद्यम नोंदणीचा नंबरच छापलेला नाही! नोंदणी करून सर्टिफिकेट भिंतीवर फ्रेममध्ये लावलंय, अगरबत्तीच्या धुराने पिवळं पडलंय.

लगेच तक्रार करायला जा असं मी म्हणत नाही. व्यापारी तुटेल आणि माल दुसऱ्याकडून घेईल, हे मलाही कळतं. बिलावर नंबर छाप, देय तारीख छाप, आणि वसुलीचे फोन सूनबाईवर सोपव. तुझी जीएसटीची सगळी कामं ती बिनचूक करते, कोण किती दिवस थकलाय हे तिला तोंडपाठ आहे. तू व्यापाऱ्याबरोबर चहा पितोस, त्याच्या मुलाच्या लग्नात जेवून येतोस, म्हणून तुझी जीभ रेटत नाही. तिला ती अडचण नाही. फक्त ती फोनवर बोलत असताना मध्येच फोन घेऊन ‘राहू द्या शेठ, पुढच्या आठवड्यात द्या’ म्हणू नकोस. हे तू केलेलं मी ऐकलंय.

वालीवचा गाळा वाईट नाही. भाडं कमी, जागा मोठी, भाईंदरचे बरेच जण तिकडे गेलेत. पण भाईंदर आणि वसईच्या मध्ये खाडी आहे, बाळ. गाडीने जायचं तर काशीमिऱ्यावरून घोडबंदरला वळसा, नवा वर्सोवा पूल झाला तरी तिथली रांग तू मला सांगायला नको. 2024 पासून रो-रो बोट आहे, तिचं वेळापत्रक बघून डाय कपाटाबाहेर काढणार आहेस का? इथल्या भिलवडीच्या चितळ्यांची डेअरी 1939 ची, पुण्याचं मिठाईचं दुकान 1950 चं. भास्करराव भिलवडी-पुणे खेपा घालत बसले नाहीत, पुण्याला मुलगा रघुनाथराव जाऊन राहिले. तुझ्या दुसऱ्या गाळ्यावर कोण राहणार, त्याचं नाव अजून तू सांगितलेलं नाहीस. तुझा मिस्त्री तिकडे गेला तर इकडे कोण? हे नाव ठरलं की माझी निम्मी हरकत संपली.

राहता राहिलं घर. ते तारण ठेवायचं नाही. दादाने ते कसं घेतलं ते मी पाहिलंय आणि वहिनीचे दागिने कुठे गेले तेही. सूक्ष्म आणि लघु उद्योगांसाठी 2000 सालापासून कर्जहमीची सरकारी योजना आहे, सीजीटीएमएसई म्हणतात. तिच्यात विनातारण कर्ज मिळू शकतं, 1 एप्रिल 2025 पासून मर्यादा दहा कोटींपर्यंत नेलीय. वर्षाला थोडी हमी-फी पडते. शाखेतला माणूस आपणहून नाव काढणार नाही, त्याला घराचे कागद सोपे वाटतात. मीही त्याच खुर्चीत बसले होते, तेव्हा मला माहीत आहे. तू नाव काढ, आणि नाही म्हणाला तर कारण लेखी माग.

सगळे कागद घेऊन इकडे ये: तीन वर्षांचे ताळेबंद, जीएसटीची रिटर्न, येणेकऱ्यांची यादी दिवसांसकट, आणि ती भंगाराची वही महिनाभर लिहून झाली की तीही. कोयना किर्लोस्करवाडीला थांबते, तुझे काका घ्यायला येतील. रविवार धरून येऊ नकोस. मंगळवारी ये, गुरुवारपर्यंत राहा, आणि फोन सूनबाईकडे ठेवून ये. दादाला नमस्कार, वहिनीला सांग की गोडा मसाला करून ठेवलाय, येशील तेव्हा तुझ्याबरोबर पाठवते.

तुझी,
आत्या