निळावंती

दोन लिटरची बाटली. पूर्वाश्रमीची थंड पेयाची. कमरेत आवळलेली, बुडाला पाच बुटके पाय. लेबल कुणीतरी नखांनी ओरबाडून काढलंय, पण गोंदाचा पट्टा राहिलाय आणि त्यावर धूळ चिकटून करड्या रंगाचा कंबरपट्टा तयार झालाय. पोटात काठोकाठ पाणी आणि पाण्यात निळीचे चार थेंब. झाकण दुसऱ्याच कुठल्या बाटलीचं.

कोलकात्यात भवानीपूरच्या आमच्या गल्लीत, दोन घरांमधल्या छातीएवढ्या भिंतीवर ती उभी आहे. हाजरा रोडवरच्या महाराष्ट्र निवासातून गणपतीची आरती आटोपून चालत निघालं, तर प्रसादाची पुडी संपायच्या आत आमची गल्ली येते. बाटलीचं नाव मी निळावंती ठेवलं. आपल्याकडे निळावंतीची पोथी वाचणाऱ्याला पशुपक्ष्यांची भाषा कळते म्हणतात. आमच्या निळावंतीला मांजराचं अक्षर कळत नाही, तरी नेमणूक मांजरासाठीच झाली. सरकारी नोकरीत असं होतं.

नेमणूक केली जेठूंनी. जेठू म्हणजे थोरले काका. भिंतीपलीकडच्या घरातले निवृत्त गृहस्थ. सगळी गल्ली त्यांना जेठूच म्हणते, म्हणून मीही. वर्षाचे आठ महिने ते साधे, गोड बोलणारे असतात. दुर्गापूजा आटोपली की डेलियाच्या कुंड्या निघतात, आणि मग त्यांच्याशी दुसऱ्या विषयावर बोलता येत नाही. कोलकात्याच्या हिवाळ्यात डेलिया आणि चंद्रमल्लिका म्हणजे शेवंती या नुसत्या फुलांच्या जाती नाहीत, ती घराण्याची अब्रू असते. अलीपूरला बागायतदारांची जुनी संस्था आहे, १८२० साली विल्यम केरीनं काढलेली. हाच तो बंगालातल्या श्रीरामपूरचा केरी, ज्यानं १८०५ मध्ये मराठीचं व्याकरण छापलं आणि १८१० मध्ये कोश. आपल्या क्रियापदांतून मोकळा झाल्यावर दहा वर्षांनी तो इथल्या मातीत रमला. संस्थेचं पुष्पप्रदर्शन हिवाळ्यात भरतं आणि जेठू तिथून परत आले की दोन दिवस आपल्या कुंड्यांकडे नापास पोराकडे बघावं तसं बघतात.

कुंडीतली माती ते स्वतः करतात. कुजलेलं शेण, मोहरीची पेंड, हाडांचा चुरा, पालापाचोळ्याचं खत, सगळं चाळणीतून काढून हातानं मळलेलं. ती माती मी हातात घेऊन पाहिली आहे. भाजलेल्या रव्यासारखी मोकळी. आता मांजराच्या बाजूनं पाहा. त्याला हवी असते भुसभुशीत, कोरडी, उकरली की उकरेल अशी जागा. अख्ख्या भवानीपुरात फरसबंदी, डांबर आणि शेवाळलेला सिमेंटचा उठोन, म्हणजे अंगण. आणि मधोमध कुणीतरी बारा कुंड्या चाळून ठेवलेल्या.

मिनी या मांजरीला मी तिथे आपला विधी उरकताना पाहिलं आहे. आधी वास घेते. पुढच्या पायानं तीनचार वेळा उकरते, वळते, बसते, आणि बसल्यावर समोर कुठेतरी दूर बघत राहते, जणू त्या भागाशी तिचा संबंध नाही. मग पुन्हा वास, पुन्हा माती ओढणं, आणि मग शेपटी वर करून प्रस्थान. यात डेलियाचं कोवळं रोप मुळासकट बाहेर पडलेलं असतं. मांजरीच्या हिशेबी ती अत्यंत स्वच्छपणे वागलेली असते.

मिनी कुणाची? हा या खटल्यातला मुख्य मुद्दा. आमच्या वरच्या मजल्यावर माशीमा, म्हणजे मावशी, राहतात. रोज सकाळी जदुबाबूच्या बाजारातून मासे येतात, आणि डोकी, कल्ले, काटे असं सगळं भातात कालवून जिन्याखाली एका चेपलेल्या ताटलीत जातं. मिनी तिथे जेवते, जिन्याखालीच विते, पावसाळ्यात माशीमांच्या पायपुसण्यावर झोपते. जेठूंनी पहिल्यांदा तक्रार केली तेव्हा माशीमा शांतपणे म्हणाल्या, “ओटा आमार बेडाल नोय. पाडार बेडाल.” माझं नाही, आळीचं मांजर. मांजराची मालकी हा प्रश्न जगात कुठेही असाच सुटतो: खाऊ घालणारा एक, मालक कुणीच नाही.

गेल्या हिवाळ्यात प्रकरण चिघळलं, कारण जेठूंच्या सुनेला दिवस गेले होते. मांजराच्या विष्ठेतून टोक्सोप्लाझ्माचा संसर्ग होतो, गरोदर बाईला झाला तर पोटातल्या बाळाला धोका असतो, हे डॉक्टरांनी सांगितलेलं. आणि ते खरंच आहे. माशीमांचं उत्तरही तयार होतं. बंगालात मांजर हे मा षष्ठीचं वाहन. षष्ठी म्हणजे लेकरांची राखणदार. आपण बाळाच्या पाचवीला-सहावीला जिला पुजतो, जी येऊन कपाळावर नशीब लिहून जाते म्हणतो, ती सटवाई हीच. आपली सटवाई पायी येते, यांची मांजरावर बसून येते, एवढाच फरक. व्रतकथेत एक धाकटी सून स्वयंपाकघरातलं चोरून खाते आणि आळ मांजरावर घालते. मांजर मग तिची लेकरं उचलून देवीकडे नेऊन ठेवतं. माशीमांनी ही गोष्ट भिंतीवरून, सून ऐकेल एवढ्या आवाजात सांगितली. म्हणजे बाळ एकच. त्याच्यासाठी मांजर घालवा, असं एक घर म्हणत होतं. त्याच्यासाठीच मांजराला बोट लावू नका, असं दुसरं.

यानंतर दोन्ही घरांचं बोलणं बंद झालं आणि निळावंती भिंतीवर आली.

आपल्या गावांत दारासमोर लाल किंवा निळ्या पाण्याच्या बाटल्या कुत्र्यांसाठी ठेवतात, त्यामुळे मला ती पाहून गावाकडची बाई भेटल्यासारखं झालं. जपानातही मांजरं पळवायला दारात, बागेत पाण्याच्या बाटल्या मांडायची रीत आहे. उपाय एवढा दूरवर पसरलाय म्हणजे त्यात तथ्य असेल, असं वाटतं. नाही. मांजराला तांबडा रंग नीट दिसत नाही, निळा दिसतो. मिनीला निळावंती चांगली दिसत होती. पहिल्या दिवशी ती आली, बाटलीकडे पाहिलं, आणि गाल तिच्या कमरेवर वरपासून खालपर्यंत घासला. मांजराच्या गालात गंधाच्या ग्रंथी असतात. ही वस्तू आता माझ्या ओळखीची, असं त्या घासण्याचं मराठी भाषांतर. दोन दिवसांनी गल्लीतला हुलो, म्हणजे बोका, आला. त्यानं पाठ वळवून, शेपटी थरथरवून तिच्यावर रीतसर फवारा मारला. पुढे जानेवारीत, दिवसभर उन्हानं तापलेल्या बाटलीला पाठ टेकून मिनी संध्याकाळी झोपायला लागली. इतकी मायाळू पहारेकरीण मी पाहिलेली नाही.

मग तिचं काम काय? मला ते तिच्या उभं राहण्याच्या जागेवरून कळलं. मिनीची येण्याची वाट भिंतीच्या मागच्या टोकाला, पावसाच्या पाण्याच्या नळावरून. तिथे बाटली नव्हती. बाटली होती माशीमांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीच्या बरोबर समोर. उकळत्या डाळीवरून नजर उचलली की निळावंतीच दिसावी, अशी. जेठू आठवड्याला निळीचे थेंब मोजून घालत, कापडानं तिचं अंग पुसत. पत्रावर शाई वाळली की परत गिरवावी तसं. तिसऱ्या आठवड्यात माशीमांनी उत्तर धाडलं: खिडकीच्या कट्ट्यावर तसलीच बाटली, स्वच्छ पाण्याची, आत मनी प्लांटचा वेल. पानं थेट जेठूंच्या दिशेनं. मांजरांशी यातल्या कशाचाच संबंध नव्हता.

बाटलीचा आणखी एक स्वभाव सांगायला हवा. बाहेरून गरीब दिसते, पण ऊन पोटात घेऊन एका ठिपक्यावर फेकते. जपानात अशा बाटल्यांमुळे आगी लागल्याच्या घटना आहेत आणि अग्निशमन दलं तसा इशारा देतात. आमच्याकडे तेवढं झालं नाही. माशीमांच्या वाळत घातलेल्या बड्यांवर, म्हणजे डाळीच्या सांडग्यांवर, दुपारी एक निळा डाग सरकत जायचा, आणि तेवढ्यावरही शब्द झालेच.

मधल्या काळात कुणीतरी डांबराच्या गोळ्या टाकायची सूचना केली. मीच आडवा पडलो. त्या मांजराला विषारी असतात, आणि प्राण्याला विष घालणं, पंगू करणं, मारणं यासाठी भारतीय न्याय संहितेच्या ३२५व्या कलमात पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. जेठू कायदा मानणारे आहेत. शिवाय मनातून षष्ठीलाही मानतात.

आणि एक गोष्ट मी बरेच दिवस बोललो नाही. जेठूंच्या घरात मासे धुतलेलं पाणी फेकत नाहीत. ते गुलाबाला घालतात, डेलियालाही. कोलकात्यात हे घरोघरी चालतं आणि झाडं खरोखर फोफावतात. पण हाडांचा चुरा आणि रोहूचं धुवण प्यायलेल्या कुंडीला मांजरानं ओलांडून जावं, ही अपेक्षा जास्त आहे. एका रविवारी हे त्यांना सांगितलं, तर ते पाच मिनिटं गप्प बसले आणि म्हणाले, “तुम्ही मराठी लोक झाडांना काय घालता?” मी म्हटलं, पाणी. त्यांना माझी कीव आली असावी.

शेवट साधाच झाला. डेंग्यूच्या दिवसांत महापालिकेची माणसं साचलेलं पाणी शोधत घरोघर फिरतात. खाकी पिशवीवाला एक तरुण आमच्याकडे आला. त्याला पाहताच जेठू भिंतीच्या एका बाजूनं आणि माशीमा दुसऱ्या बाजूनं एकदम मांजरावर बोलू लागले. कित्येक महिन्यांत प्रथमच दोघांचा विषय एक होता. त्यानं मांजराकडे पाहिलंच नाही. टॉर्च काढून निळावंतीच्या तोंडात मारला. वाऱ्यानं पडून तिचं झाकण हरवलं होतं. “ढाकना कोई?” त्यानं विचारलं. झाकण कुठे? मग कट्ट्यावरच्या मनी प्लांटकडे वळला आणि त्या पाण्यात त्याला डासांच्या अळ्या सापडल्या. दोन्ही बाटल्या तिथल्या तिथे नालीत रिकाम्या झाल्या. दोघांनाही सारखाच दम मिळाला, त्यामुळे दोघंही जरा सैल झाली.

आता कुंड्यांच्या मातीत जेठूंनी छाटलेल्या गुलाबाच्या काट्यांचे तुकडे दाट खोचलेत. जिन्याखाली फुटक्या घमेल्यात वाळू ठेवली आहे, ती माशीमा रोज सकाळी उपसतात. टोक्सोप्लाझ्माचा जंतू ताज्या विष्ठेतून लगेच लागत नाही, एक दिवस तरी जावा लागतो, म्हणून रोजच्या रोज उचललं की धोका पुष्कळ कमी होतो. मिनीची शस्त्रक्रिया झाली. खर्च तिघांनी वाटून घेतला. सुनेला मुलगी झाली आणि सहाव्या दिवशी माशीमा पूजेला जाऊन आल्या.

निळावंती पुन्हा भरून त्याच जागी आहे. जेठूंना झाकण सापडलं नाही, म्हणून लिंबाच्या सरबताच्या बाटलीचं हिरवं झाकण मीच आणून बसवलं. घट्ट बसलंय.