टोप न काढता

देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते. तिथे ओहोटीच्या वेळी इंजिन बंद पडलं की काय होतं, हे तारकर्लीला फिरायला येणाऱ्यांना सांगून कळायचं नाही. मागून खाडीचं पाणी बाहेर ओढतं, समोर लाटा फुटतात आणि होडी मधल्या मध्ये आडवी होते. ऑगस्टातल्या एका रविवारी मी तसाच आडवा झालो होतो. नांगर वाळूत धरला म्हणून आज हे लिहितोय.

31 जुलैला मासेमारीबंदी संपली, नारळी पौर्णिमेला नारळ सोडला आणि पावसाळाभर झापांखाली झाकलेली वडिलांची फायबरची होडी पाण्यात घातली. इंजिनही त्यांच्याच वेळचं, दोन सिलिंडरचं, टू-स्ट्रोक, दोरी ओढून सुरू करायचं आउटबोर्ड. मी नोकरीवाला माणूस. माझी मासेमारी रविवारपुरती, आणि यंत्राचं ज्ञानही तेवढंच.

त्या दिवशी दुसऱ्या ओढीला इंजिन सुरू झालं, वीस-पंचवीस मिनिटं छान चाललं आणि अचानक मेलं. खोकलं नाही, अडखळलं नाही, बटण दाबावं तसं गप्प. मी टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू बघितला, पेट्रोलच्या नळीवरचा रबरी फुगा दाबून बघितला, घट्ट होता. दोरी ओढून खांदा गेला. अर्ध्या तासाने, हताश होऊन एकदा ओढली, तर पठ्ठ्या सुरू! घरी येईपर्यंत काही तक्रार नाही.

हे पुढच्या दोन फेऱ्यांतही झालं. गावातल्या मेकॅनिककडे नेलं. त्याने टोप, म्हणजे इंजिनावरचं प्लॅस्टिकचं झाकण, काढून बाजूला ठेवलं, पाण्याच्या पिंपात इंजिनाचा पाय बुडवून दहा मिनिटं चालवलं. स्पार्क निळा, टणक. तरी त्याने दोन प्लग बदलले, कार्बोरेटर धुतला, दोन्ही इग्निशन कॉइल नव्या बसवल्या. बिल दिलं, त्याने हात पुसले आणि म्हणाला, "आता बिनधास्त जावा." बिनधास्त गेलो. बाविसाव्या मिनिटाला मेलं.

माझे चुलते वयाने ऐंशीच्या पुढे, आता समुद्रावर जात नाहीत. पडवीत बसून जाळ्याला ठिगळ घालता घालता सगळं ऐकून घेतलं.

"माका सांग, दोन्ही सिलिंडर एकदम बंद पडतत की एक-एक?"

"एकदम, आबा."

"मगे प्लग कित्याक बदललेस? दोघेय भाव एकाच वेळाक कशे मरतले? तेंच्या आवशीक काय झाला ता बघ."

खरं तर एवढ्यातच निदान झालं होतं. या इंजिनात प्रत्येक सिलिंडरला आपापला प्लग आणि आपापली कॉइल आहे. त्यातलं एक गेलं की इंजिन एका पायावर लंगडत चालतं, थरथरतं, पण चालतं. दोन्ही एका क्षणी जातात तेव्हा दोष सामाईक जागी असतो: बंद करायच्या बटणाची वायर, ठिणगी सोडणारा सीडीआयचा डबा, किंवा फ्लायव्हीलच्या खाली बसलेली, दोघांनाही वीज पुरवणारी चार्ज कॉइल. तीच ती आवस, दोघांची आई.

आबांनी पुढे विचारलं, "थंड असताना बंद पडता?"

"नाही."

"मगे थंड असताना तपासतस कित्याक?"

मेकॅनिकने टोप काढून ठेवला होता, वारा लागत होता आणि इंजिन कधी खरं तापलंच नव्हतं. आजाऱ्याचा ताप उतरल्यावर थर्मामीटर लावण्याचाच तो प्रकार.

मग आम्ही पिंप भरलं आणि टोप लावूनच इंजिन सोडलं. सत्तावीस मिनिटांनी मेलं. त्याच क्षणी टोप उघडला, बंद करायच्या बटणाची वायर सुटी केली. मीठ चढून ती अंगाला टेकली, तरी स्पार्क जातो, म्हणून आधी ती. काही फरक नाही. प्लग काढून इंजिनाच्या धातूला नीट टेकवले, पेट्रोलची नळी आधीच दूर नेलेली, आणि दोरी ओढली. दोन्हीकडे अंधार. मेल्यावर लगेच बघितलं, म्हणून दिसला. शेजाऱ्याच्या तसल्याच इंजिनाचा सीडीआय उसना आणून पुन्हा तेवढंच तापवलं. पुन्हा मेलं. आता फ्लायव्हील काढण्यावाचून इलाज नव्हता.

ते काढायला पुलर लागतो. हातोडी मारू नये. आतली चुंबकं तडकतात. खालची अर्धचंद्रासारखी चावीही सांभाळून काढावी, ती कापली गेली असेल तर टायमिंगच सरकतं. आमची शाबूत होती. चार्ज कॉइल टेबलावर ठेवून मीटर लावला. आकडा मॅन्युअलमध्ये दिलाय त्या हद्दीतच. आबा गप्प. मी पुतणीचा केस वाळवायचा ड्रायर मागून आणला.

गरम हवेखाली पहिली दोन मिनिटं आकडा हळूहळू चढत गेला, ते अपेक्षितच. तांबं तापलं की अवरोध वाढतो. चौथ्या मिनिटाला पडद्यावर नुसता एक उरला, डाव्या कडेला. मीटर म्हणत होता, वाट बंद. ड्रायर बाजूला केला, थोड्या वेळाने आकडा परत. पुन्हा तापवलं, पुन्हा एक. भिंगातून पाहिलं तर वरच्या लेपाला केसाएवढी चीर आणि चिरेत हिरवा कळंक. केसासारखी तार आत तुटलेली, थंडीत टोकं टेकायची, तापून लेप फुगला की सुटायची.

नवी कॉइल मागवली, यायला आठवडा लागला. त्यानंतर होडी देवबागच्या मुखातून सातदा बाहेर जाऊन आली आहे.

मेकॅनिकने काढलेले जुने प्लग आणि दोन्ही कॉइल मी तापवून तपासल्या, निर्दोष निघाल्या. वर्तमानपत्रात गुंडाळून पेटीत ठेवल्यात. कुणाकडे असलं दोन सिलिंडरचं जुनं यंत्र असेल तर येऊन घेऊन जावं, पैसे नकोत.